पाणी सात ठोकळ्यांवर थांबतं

अंथुर्णे,
१९ जानेवारी २०२५

चि. करुणास,
जयभीम.

हे तक्रारीचं पत्र आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच. तुझ्या चार वाढदिवसांना चार पत्रं पाठवली, जुन्या पत्त्यावर. एकाचंही उत्तर आलं नाही. त्याबद्दल मी विचारणार नाही. पण तक्रारीला उत्तर द्यायचं असतं. तुझ्या खेळाच्या शेवटच्या पाटीवर तूच लिहिलं आहेस, 'काही चुकलं असेल तर कळवा.' चुकलं आहे. कळवते आहे.

नवा पत्ता माधवीकडून मिळाला. खेळातली चित्रं तिची, असं तिथेच लिहिलंय. तिला रेश्माने मेल केला. 'एका निवृत्त शिक्षिकेला पत्र पाठवायचं आहे' एवढंच कळवलं होतं. तिच्यावर चिडू नकोस.

रेश्मा म्हणजे दूध डेअरीशेजारी कॉम्प्युटर क्लास चालवते ती. माझ्या दहावीच्या वर्गात होती, गणितात काठावर पास. दुपारी दोन ते चार तिचा वर्ग रिकामा असतो. तिनेच मला एक दिवस तुझा 'माळ' दाखवला आणि वेळ जावा म्हणून मी खेळायला बसले.

खेळ मला समजला आहे की नाही ते तूच ठरव. माळावर एक बाहुली एकटी उभी असते. हातात कुदळ. पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, तो हळूहळू रिकामा होत जातो. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं: माती, मुरूम, दगड, बाभळीचं खोड. ठोकळे खणायचे, ते रचून घर करायचं, आणि ऊन व लांडगे यांच्यापासून जीव वाचवायचा. उन्हाळ्याचे शंभर दिवस काढले की खेळ पुरा.

हे पहिल्याच दुपारी कळलं. चालायला मात्र आठवडा लागला. माझी बाहुली भिंतीला तोंड लावून उभी राहायची. शेवटी रेश्माने चार कळांवर आपल्या टिकल्या चिकटवून दिल्या. लाल पुढे, हिरवी मागे, बाकी दोन बाजूंना. आता चालते.

तर तक्रार. माळाच्या उत्तरेला कालवा आहे. तो कोरडा असतो आणि दर वीस दिवसांनी दोन दिवस त्याला पाणी येतं. हे बरोबर आहे, पाळी अशीच येते. बाकीचे खेळणारे आधी घर बांधतात असं रेश्मा म्हणते. मी आधी चारी खणली. कालव्याच्या दारापासून माझ्या वावरापर्यंत साठ ठोकळे, दर दहा ठोकळ्यांना एक ठोकळा खाली, असा उतार धरून. आठ दुपारी गेल्या. घर नसल्यामुळे लांडग्याने मला सहा वेळा खाल्लं. तरी चारी पुरी केली. विसाव्या दिवशी कालव्याला पाणी आलं. मी दार उघडलं. पाणी चारीत उतरलं, सात ठोकळे चाललं आणि थांबलं.

मी उतार पुन्हा मोजला. उतार बरोबर होता. रेश्मा म्हणाली, "बाई, ह्या असल्या सगळ्या खेळात पानी सातच ठोकळं जातंय. तसंच असतंय ते."

करुणा, तसं नसतं. उताराला पाणी थांबत नाही. 

दुसऱ्या कुणी हा खेळ केला असता तर मी सोडून दिलं असतं. तुझे पप्पा एकतीस वर्षं डाव्या कालव्यावर पाटकरी होते. त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून तू दारं उघडायला जायचीस. चारीची चाल ते कशी बघायचे, हे मी तुला सांगायला हवं का? करंजाचं वाळकं पान पाण्यात टाकायचे आणि त्याच्या बरोबरीने काठाने चालायचे. पान मागे रेंगाळलं की म्हणायचे, "हितं गाळ हाय." तू पाच वर्षांची असताना हे पाठ म्हणून दाखवायचीस. आणि तुझं पाणी सात ठोकळ्यांवर थांबतं.

आणखी एक. बाहुली घराबाहेर पडली की पडद्यावर खाली अक्षरं येतात. 'तांब्या भरला का?' 'डोक्याला बांध.' 'दिवस मावळायच्या आत घरी.' सूचना योग्य आहेत, सूर योग्य नाही. परक्या माणसाशी असं बोलत नाहीत. 'कृपया' घाल.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा सोडून.

आई


११ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा,

गेल्या आठवड्यात मी क्लासच्या पायरीवर चप्पल काढत होते तेवढ्यात रेश्मा आतून ओरडली, "बाई, खेळ नवा आलाय!"

पडद्यावर पाटी होती. 'नव्या आवृत्तीतील बदल : पाणी आता उताराने वाहते. एका पाटकऱ्याच्या घरून आलेल्या तक्रारीवरून.'

मी ते वाचलं. रेश्मा म्हणाली, "बाई, चष्मा पुसा." चष्मा स्वच्छ होता.

जुनी चारी तशीच होती. पाळीची वाट पाहण्यात खेळातले अकरा दिवस गेले, मी तेवढ्यात एक खोली बांधून घेतली. मग पाणी आलं, मी दार उघडलं, आणि ते सात ठोकळे ओलांडून पुढे निघालं. साठच्या साठ ठोकळे चाललं. मध्येच पाण्यावरून एक वाळकं पान आलं. ते तू नवीन घातलं आहेस, आधी नव्हतं. मी बाहुलीला त्या पानाच्या बरोबरीने काठाने चालवत वावरापर्यंत नेलं. पान कुठेही रेंगाळलं नाही. माझ्या चारीत गाळ नाही, हे नोंदवून ठेव.

आता झालेला प्रकार सांगते. तू ऐकलाच असशील, कारण रेश्माने तो माधवीला कळवला आहे आणि माधवीने हसऱ्या तोंडांची रांग पाठवली आहे. पण माझ्याकडून ऐक.

पाणी आल्यावर मी ऊस लावला. कालव्याकाठी बेणं सापडतं ते आणून. ऊस आला, तोडला, वावरात पाचट उरलं. त्या दिवशी कुशाबाई शेजारी बसली होती. आपल्या मागच्या आळीतली कुशाबाई, तुला आठवत असेल, तू तिच्या शेळीला गणिताची वही खाऊ घातली होतीस. ती आता रोज दुपारी निवडायला काहीतरी घेऊन क्लासमध्ये येते आणि पडदा बघत बसते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "ती बाहुली उन्हात का हुबी केलीया? सावलीला घे की तिला." मग विचारलं, "ह्यात जितंय कोन?" मी म्हटलं, कोणी जिंकत नाही, दिवस काढायचे. ती म्हणाली, "मंग ह्याला खेळ कशाला म्हनायचं," आणि शेंगा सोलायला लागली.

तर वावरात पाचट होतं. मी काडी लावली.

तुझ्या खेळात आग इतकी पसरते हे मला माहीत नव्हतं. माझ्या खोलीवर छप्परही पाचटाचंच होतं आणि दाराशी पाळलेल्या शेळ्या बांधलेल्या होत्या. पाचट पेटलं, बांध पेटला, बाभळ पेटली, छप्पर पेटलं. कुशाबाई उठून उभी राहिली. मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली. "अगं बया बया, फड पेटला! शेळ्या सोड, बाई, आधी शेळ्या सोड!" मला शेळ्या सोडायची कळ सापडेपर्यंत शेळ्या गेल्या, दार गेलं, भिंती राहिल्या. मी बाहेर पळाले तर लांडगा उभा.

रेश्मा टेबलावर डोकं ठेवून हसत होती. "बाई, जगात कुनीच असं केलं नसंल. लोक लांडग्यानं मरत्यात. तुमी पाचटानं मेला!"

आणि मी शाळेत असताना दर वर्षी 'पाचट जाळू नका'ची प्रभातफेरी काढत होते. पुढे घोषणा द्यायला तुला उभं करायचे. एवढ्या फेऱ्या काढून शेवटी काडी लावणारा हात माझ्या वडिलांचाच निघाला. आमचे आबाजी फड तुटल्याच्या दुसऱ्या सकाळी काडेपेटी घेऊन बांधावर हजर असायचे.

सगळंच जळालं, म्हणून मीच पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली आहे. चारी परत खणते आहे. या वेळी भिंतींवर कौलं घालीन.

कालव्याच्या दाराशी एक सायकल टेकवून ठेवलेली दिसली. हिरवी, मागचं मडगार्ड नसलेली. रेश्माला ती कुणाची ते कळलं नाही, मीही सांगितलं नाही. मी माळाची चारही टोकं फिरून आले, केवळ मोजमाप कळावं म्हणून. उत्तरेला कालवा, पूर्वेला टेकाड, दक्षिणेला चिंकारे चरतात तो गवताळ भाग, पश्चिमेला काही नाही. पप्पांची सायकल सोडून ओळखीचं काही आढळलं नाही. मी काही शोधत नव्हते.

'कृपया' अजून घातलेलं नाहीस.

आई


२ मार्च २०२५

करुणा,

पाचटाची कुट्टी करायची सोय आली. आणि पाचटाजवळ काडी नेली की खाली अक्षरं येतात, 'प्रभातफेरी आठवा.'

मी हसले. क्लासमध्ये, मोठ्याने. रेश्मा घाबरून उठली, तिने मला शाळेत कधी हसताना पाहिलेलं नाही.

मग घरी आले, भाकरी टाकायला बसले आणि मला जमेना. तू माझ्याशी बोलते आहेस. तुझ्या पद्धतीने, पण बोलते आहेस. आणि मी दोन पत्रं भरून पाणी आणि पाचट लिहिलं. जे लिहायचं ते टाळलं. मी वर्गात मुलांना सांगायचे की अवघड गणित आधी सोडवा, सोपं शेवटी ठेवा. तेव्हा आता सोडवते.

तो अर्ज मी लिहिला.

तुला हे माहीतच आहे. पण मी तो लिहिला असं मी तुला कधी तोंडाने सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी म्हणाले होते, 'जे झालं ते तुझ्या भल्यासाठी झालं.' जसा काही तो आपोआप झाला. तो आपोआप झाला नव्हता. पप्पा जाऊन सात आठवडे झाले होते. तू नोकरी सोडून घरी आली होतीस आणि त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून दिवसभर ठोकळे रचत होतीस. माझी समजूत अशी झाली की तुझं डोकं ठिकाणावर नाही. मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, कारण आता मला दिसतंय ते काय होतं. तू कालवा करत होतीस. दारापाशी सायकल ठेवत होतीस.

मी बसले आणि तुझ्या कंपनीला तुझ्या नावाने अर्ज लिहिला. 'वडिलांच्या निधनामुळे माझी मनःस्थिती ठीक नव्हती. राजीनामा भावनेच्या भरात दिला. तरी मला परत रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.' खाली तुझी सही केली. ती मला सहज आली, कारण ती मीच तुला शिकवली होती, दहावीच्या हॉलतिकिटासाठी. पूर्ण पानभर गिरवून घेतली होती. 'क' गोल, 'रु'चा फाटा वर, शेवटी खाली एक सरळ रेघ. बारामतीला जाऊन कुरिअर केला आणि येताना तुझ्यासाठी बालुशाही आणली.

मग कंपनीचा फोन आला. तुला. सावकाश घ्या, बरं वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, म्हणाले. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, तू माझ्याच सहीनं मला वेडी ठरवलंस." मी म्हणाले, "जेवून घे." हे मी म्हणाले. तू सकाळच्या गाडीने बारामतीला गेलीस. डब्यात बालुशाही तशीच होती.

का केलं ते सांगते, त्याने काही कमी होत नाही. आमच्या घरात पगाराची पहिली नेमणूक माझी. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा आबाजींनी ते चौकटीत घालून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलं. नातेवाईक आले की आधी ते दाखवायचे, मग पाणी विचारायचे. नोकरी ही सोडून देता येते, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू सोडलीस तेव्हा मला वाटलं कुणीतरी चौकट भिंतीवरून काढली. म्हणून मी ती परत लावायला गेले. भिंत तुझी आहे, याचा विचार केला नाही.

चुकलं. मुख्याध्यापिका असताना पालकांच्या खोट्या सह्या करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करत होते.

अजून दोन खोट्या गोष्टी दुरुस्त करते. पहिल्या पत्रात लिहिलं की रेश्माने मला खेळ दाखवला. तिने दाखवला नाही. दीड वर्षापूर्वी मीच तुझ्या नावाची चिठ्ठी घेऊन तिच्याकडे गेले, 'हे नाव कुठं येतं का बघ' म्हणून. सहा महिने नुसती खेळाची चित्रं बघत होते. मग खेळायला घेतला.

दुसरं. लांडग्याने सहा वेळा खाल्लं असं लिहिलं. त्यातल्या चार वेळा मी पळाले नाही. तो लांडगा ओरडतो तो आवाज तुझा आहे. तुमच्याकडे आवाजाला माणूस लावायची ऐपत नसणार, म्हणून तूच काढलास. लहानपणी गोधडीत शिरून काढायचीस, अगदी तोच. शेवटी दम संपतो आणि आवाज फुटतो. चार वर्षांत तुझा आवाज मी तेवढाच ऐकला.

खालच्या सूचना कुणाच्या आहेत तेही मला माहीत आहे. रेश्मा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाई, ही अक्षरं वाचली की नववीचा वर्ग आठवतोय. आवाजासकट." मी तिला गप्प केलं. माळाची चार टोकं मी कशासाठी फिरले, ते आता तुला वेगळं लिहीत नाही.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. दिलंस तर मला हवं आहे, एवढं लिहून ठेवते.

आई


२३ मार्च २०२५

करुणा,

तीन आठवडे नवी आवृत्ती नाही. रेश्मा रोज सकाळी क्लास उघडला की आधी तेच बघते आणि मग मला फोन करते. फोनवर ती "आज गरम लई हाय" असं बोलायला लागली की मला कळतं.

मी तुला घाई करत नाही. नुसतं कळवते आहे.

माझा चौऱ्याऐंशीवा दिवस आहे. घराला कौलं आहेत. दोन शेळ्या आहेत, दाराशी नाही, बांधापलीकडे बांधल्या आहेत. चारी चालू आहे. चार पाळ्या मिळाल्या, चारही वेळा पाणी शेवटच्या ठोकळ्यापर्यंत पोचलं. रेश्मा म्हणते, असाच हात राहिला तर आठवड्यात शंभर होतील. पण मी गेले दहा दिवस पुढे गेलेले नाही. क्लासमध्ये जाते, तांब्या भरते, बाहुलीला भिंतीच्या सावलीत बसवते, जरा वेळ बघते आणि बंद करून घरी येते. तुझ्या खेळात बसायची कळ आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

कुशाबाईने काल विचारलं, "पोरीनं काय कळीवलं का?"

मी म्हटलं, नाही.

"राग हाय म्हना की अजून."

मी म्हटलं, असणारच.

"असू दे," ती म्हणाली. "माझा थोरला धा वर्सं बोलला न्हाय माज्याशी. मंग एकदा आला, म्हनला, पानी दे. दिलं. आता रोज भांडतोय." मग पडद्याकडे बघून म्हणाली, "हिला नुसती बसवून ठिवू नगं. हिंडव जरा. आंग धरंल."

बाहुलीला कालव्यापर्यंत नेऊन आणलं. सायकल आहे तिथेच आहे.

आई


९ एप्रिल २०२५

चि. करुणास,
जयभीम.

तुझा अर्ज काल टपालाने मिळाला. पोस्टमनने "बाई, तुमाला अर्ज?" असं दोनदा विचारलं, कारण पाकिटावर 'मा. मुख्याध्यापिका' लिहिलं होतंस. रीतीप्रमाणे आधी मजकूर उतरवून घेते, मग शेरा लिहिते.

'प्रति,
मा. मुख्याध्यापिका (निवृत्त),
माळ, अंथुर्णे.

विषय : आपल्या माळावर दुसरे घर बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,
खेळाच्या नव्या आवृत्तीत एका माळावर दोघींना राहता येईल अशी सोय केली आहे. ती नीट चालते की नाही, हे एकटीने तपासता येत नाही. माधवीला लांडग्यांची भीती वाटते. तरी शनिवारपासून चार दिवस मला आपल्या माळावर व आपल्या घरी राहण्याची परवानगी मिळावी. मला अर्जाचा राग अजून आहे. आपले पत्र वाचून तो कमी झाला, गेला नाही. तो मी सोबत आणणार आहे. तसेच पप्पांचे टेबल लागेल. आपण चौऱ्याऐंशीव्या दिवशी थांबला आहात असे कळले. कृपया पुढे जाऊ नये.

आपली विश्वासू,'

आणि खाली सही.

आता माझा शेरा.

अर्जावर तारीख नाही. 'शनिवारपासून' म्हणजे कोणत्या शनिवारपासून, हे वाचणाऱ्याने ओळखायचं नसतं. मी १२ एप्रिल धरला आहे. चौदा तारखेला जयंती आहे, विहाराला रंग देणं चालू आहे, मिरवणुकीत लेझीमच्या मुलींना शिस्त लावायला माणूस कमी आहे. तू असशील तर तुला उभं करणार आहेत, मी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलं.

दुसरं घर बांधायला हरकत नाही. चारीच्या वरच्या अंगाला बांधू नकोस, पाणी अडेल. पूर्वेला टेकाडाखाली जागा आहे, मी तिथली बाभळ तोडून ठेवली आहे. छप्पर कौलांचं कर.

राग आणणार आहेस तो आण. घरात मी एकटी असते, जागा भरपूर आहे. पप्पांचं टेबल पुसून ठेवलं आहे. त्यावर मी काही ठेवत नव्हतेच, पण तरी पुसलं. बसायला त्यांची खुर्ची नको, तिचा एक पाय हलतो, रेश्मा क्लासमधली देते म्हणाली. ती शनिवारी दुपारचा क्लास बंद ठेवणार आहे. कुशाबाईही येणार आहे, शेंगा घेऊन. तिला आधीच सांगून ठेव की तू तिच्या शेळ्यांना हात लावणार नाहीस.

स्वारगेटहून सकाळच्या गाडीने निघ. बारामतीला उतरलीस की इंदापूरची गाडी धर, पुढच्या दाराने चढ, मागे धूळ येते. तांब्या भरून घे. तुमच्याकडे बाटल्या असतात, बाटली भरून घे. डोक्याला बांध. दिवस मावळायच्या आत घरी.

सूचनांमध्ये 'कृपया' घालू नकोस. ती तक्रार मी मागे घेते.

राहिली सही. ती मी उजेडात धरून पाहिली. 'क' आता गोल नाही, तू तो मोडून काढतेस. 'रु'चा फाटा खाली गेला आहे आणि शेवटची रेघ नाहीच. मी पानभर गिरवून घेतलेलं त्यात काही उरलेलं नाही. ही सही मला करता येणार नाही.

अर्ज मंजूर.

शालन रविंद्र मिसाळ